घरगुती फराळ-मसाल्यांचं पहिलंच प्रोफेशनल फोटोशूट आहे, तयारी काय करू?

चकलीचे_वेढे, डोंबिवली

नमस्कार मंडळी, इथे बरेच दिवस नुसती वाचत असते, आज पहिल्यांदा विचारतेय, लांबण लागलं तर सांभाळून घ्या.

माझा घरगुती फराळ, मसाले आणि लोणच्यांचा व्यवसाय आहे, सहा वर्षं झाली. सुरुवात सोसायटीतल्या ऑर्डरींनी झाली, आता दिवाळीत ठाणे-मुलुंडपर्यंत डबे जातात आणि दोन-तीन ताया दरवर्षी अमेरिकेतल्या लेकींना कुरिअर करतात. फोटो आजवर नवऱ्याने मोबाईलवर काढलेत, म्हणजे ओट्यावर स्टीलच्या ताटात चकल्या, मागे मिक्सर, वर ट्यूबलाईट आणि ताटाच्या कडेला नवऱ्याचंच प्रतिबिंब. गेल्या दिवाळीत एका ताईंनी तोंडावर सांगितलं की तुमची चकली आधी खाल्लीय म्हणून ऑर्डर देतेय, फोटो बघून दिली नसती. लागलं जरा, पण खरंच होतं.

तर यंदा हिंमत करून फोटोग्राफर ठरवलाय, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात एक पूर्ण दिवस, आमच्याच घरी. दिवाळीच्या ऑर्डरी सुरू व्हायच्या आत वेबसाईट, व्हॉट्सॲप कॅटलॉग आणि एक पत्रक तयार व्हावं असं डोक्यात आहे. आगाऊ पैसेही दिलेत. आता त्याचा मेसेज आलाय, "मॅडम शॉट लिस्ट पाठवा" आणि माझी गाडी तिथेच अडलीय. शॉट लिस्ट म्हणजे नुसती पदार्थांची यादी का? एकूण २२ आहेत, ९ फराळाचे, ८ मसाले, ५ लोणची, आणि प्रत्येकाचे तीन-चार फोटो निघतील असं मी धरून चाललेय. सगळं त्याच दिवशी ताजं करायचं का, भांडी कुठली काढू, घर तर दोन खोल्यांचं आहे त्यात माणसं किती मावणार, शिवाय तो म्हणतोय तुमचाही एक फोटो घेऊ आणि मला फोटोत हमखास डोळे मिटायची सवय. ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज सांगा, काय राहतं, कुठे फसतं.

लोणच्याची_बरणी, सांगली

अगं आधी एक सांग, लेबलं फायनल आहेत का? छापून हातात आली आहेत का? बाकी भांडीकुंडी मागाहून.

आमचं काय झालं ऐक. १४ बरण्यांचं शूट केलं, छान झालं, फोटो आले, सगळ्यांनी कौतुक केलं आणि मग धाकट्या दिरांच्या लक्षात आलं की लेबलवर फूड लायसन्सचा नंबर १३ आकडीच आहे. तो असतो १४ आकडी. छापणाऱ्याकडून एक शून्य गळलं होतं आणि आमच्यापैकी कोणीच मोजलं नव्हतं. फोटो इतके स्वच्छ आले होते की नंबर अगदी वाचता येत होता, नेहमीच्या मोबाईलच्या फोटोत तो दिसलाच नसता! मग एकेका फोटोत तो आकडा घालून घ्यायचे वेगळे पैसे गेले आणि वर तीन आठवडे. म्हणून सांगते, लेबल छापून आलं की घरातल्या तीन जणांना वाचायला दे, त्यातला एक तरी खवचट असू दे. नाव-पत्ता, वजन, हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका, लायसन्स नंबर, तक्रारीसाठी फोन, सगळं.

आणि अजून एक, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. शूटच्या बरण्यांवर पॅकिंगची तारीख आणि किंमत टाकू नकोस, ती जागा कोरी ठेव. आमच्या फोटोत जूनची तारीख दिसायची, तर फेब्रुवारीत लोक विचारायला लागले की ताई जुना माल देताय का. किंमत तर दरवर्षी बदलतेच, तेल काय भावाने मिळतंय बघतेस ना.

लेबल चिकटवताना बरणी पाटावर आडवी ठेवून दोन्ही बाजूंना वह्या लाव म्हणजे घरंगळत नाही. तिरकं चिकटलेलं लेबल डोळ्याला दिसत नाही, फोटोत लगेच दिसतं. प्रत्येक पदार्थाच्या तीन तीन बरण्या तयार ठेव, एकीवर तेल सांडतंच.

उजेडवाला, नाशिक

ताई, मी हेच काम करतो, त्यामुळे जरा मोठं लिहितो.

शॉट लिस्ट म्हणजे पदार्थांची यादी नाही, फोटो कुठे लागणार त्याची यादी. उलटीकडून सुरू करायचं. वेबसाईटवर प्रत्येक पाकिटाचा पांढऱ्या पार्श्वभूमीवर एक साधा फोटो लागेल, त्याला आम्ही पॅकशॉट म्हणतो. पत्रकाच्या मुखपृष्ठावर एक मोठा उभा फोटो लागेल आणि त्यात वरच्या बाजूला नाव छापायला मोकळी जागा पाहिजे, ही जागा आधी सांगितली नाही तर फोटोग्राफर ताट फ्रेमभर भरून टाकतो आणि मग डिझायनर चकलीवरच अक्षरं टाकतो. इन्स्टासाठी उभे फोटो, १०८० बाय १३५० या मापात बसतील असे. स्टोरी-रीलसाठी त्याहून उंच, १०८० बाय १९२०. पुढे कधी ॲमेझॉनवर जायचं असेल तर तिथे मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी लागते, वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापलेला असावा लागतो आणि त्यात बाजूला मिरच्या-बिरच्या, पणती वगैरे काही चालत नाही. म्हणजे सजवलेला फोटो कितीही सुंदर असला तरी तिथे उपयोगाचा नाही. हे सगळं एका कागदावर लिहा, समोर पदार्थाचं नाव, आडवा की उभा, कुठे वापरणार. झाली शॉट लिस्ट.

आता गणित. तुम्ही म्हणताय २२ पदार्थ गुणिले तीन-चार, म्हणजे ७०-८० फोटो. आठ तासांची मिनिटं ४८०, म्हणजे एका फोटोला सहा-सात मिनिटं, त्यात जेवणही धरायचं नाही. होत नाही हो. पॅकशॉट एकदा लाईट लावून बसला की दहा मिनिटांत एक निघतो, म्हणजे २२ चे पावणेचार तास. सजवलेल्या फोटोला मात्र अर्धा-पाऊण तास सहज जातो. उरलेल्या वेळात पाच, फार तर सहा. तेव्हा तुमच्या २२ पैकी जे पाच खरंच विकले जातात त्यांनाच सजवा, बाकीच्यांना पॅकशॉट पुरे. सगळी लेकरं सारखी असं आईने म्हणावं, धंद्यात म्हणू नये.

क्रम पण तुम्हीच ठरवून द्या. मसाले आणि लोणची सकाळी, ती कुठे पळून जात नाहीत. तळलेलं दुपारी. लाडू सगळ्यात शेवटी आणि एसी किंवा पंख्याखाली, कारण मोठे लाईट तापले की बेसनाचा लाडू तुपाने चकाकायला लागतो आणि मग बसतो. हल्ली एलईडी असतात, ते कमी तापतात, तरी ऑगस्टचा उकाडा आहेच. फ्रीजमध्ये ठेवू नका, बाहेर काढला की त्यावर दव धरतं.

मसाल्यांबद्दल दोन गोष्टी. लाल तिखट आणि कांदा-लसूण मसाला फोटोत फार पटकन फुटतो, म्हणजे कण दिसत नाहीत आणि नुसता लाल डाग दिसतो, फोटोग्राफरला सांगा की थोडा काळोखा काढ, नंतर उजळता येतो. आणि गोडा मसाला. वासाला स्वर्ग आणि फोटोत माती, अक्षरशः कुंडीतली माती. त्याचा फोटो त्याच्या पुडीने होत नाही, त्यात काय पडलंय त्याने होतो. दगडफूल, नागकेशर, खोबऱ्याचे भाजलेले काप, तीळ, धणे, दालचिनी हे अख्खं शेजारी मांडा, दगडफूल एकट्याने फोटो खाऊन टाकतं इतकं देखणं असतं.

काचेच्या बरणीत अख्खी खोली दिसते, फोटोग्राफरच्या टी-शर्टचा रंगसुद्धा. तो त्याचा प्रश्न आहे, तो काळे कागद लावून सोडवेल, तुम्ही फक्त बरण्या स्पिरिटने पुसून, सुती कापडाने धरून ठेवा, बोटांचे ठसे नंतर काढायला वेळ लागतो. खोलीतला ट्यूबलाईट आणि पिवळा दिवा शूटच्या वेळी बंद. खिडकीचा उजेड आणि दिव्याचा उजेड एकत्र झाला की ताटाची एक बाजू निळसर आणि दुसरी पिवळट दिसते, तुमचे जुने फोटो बहुतेक त्यानेच आजारी दिसत असतील.

बजेटवाला_बंड्या

एवढा खर्च कशाला पण? आजकालचे मोबाईल बघा, खिडकीपाशी टेबल, मागे पांढरा कार्डशीट, समोरून टीव्हीच्या खोक्यातलं थर्माकोल धरायचं की सावली उजळते, झालं काम. मी माझ्या अगरबत्त्यांचे सगळे फोटो असेच काढलेत, एक रुपया नाही गेला.

उजेडवाला, नाशिक

बंड्याभाऊ, तुम्ही सांगितलेली पद्धत बरोबर आहे आणि रोजच्या पोस्टसाठी ताईंनी तीच वापरावी, मी स्वतः घरी थर्माकोलच धरतो. पण अगरबत्तीचं खोकं चपटं असतं, त्यात प्रतिबिंब नाही, तेल नाही, आणि ते सादळत नाही. तेलाचा तवंग असलेली काचेची बरणी खिडकीपाशी ठेवून बघा एकदा. २२ फोटो एकसारख्या उजेडात, एकसारख्या मापात निघणं, हे पैसे देण्यासारखं आहे. ढग आला गेला की मोबाईलच्या फोटोंची पांढरी पार्श्वभूमी दर वेळी वेगळी येते आणि वेबसाईटवर शेजारी शेजारी लावलं की ते गोधडीसारखं दिसतं.

बजेटवाला_बंड्या

गोधडी हे बाकी खरंय 😅 माझी साईट तशीच दिसते.

पाटावरची_रांगोळी, पुणे

उशिरा आले, पण फराळाचं कोणीच नीट लिहिलं नाहीये म्हणून लिहिते. मी काही वर्षं जाहिरातींच्या शूटवर फूड स्टायलिस्टच्या हाताखाली काम केलंय, आता स्वतःचं छोटं काम करते.

पहिली गोष्ट, ऑगस्ट. पावसात फराळ सादळतो हे तुला मी सांगायला नको. सादळलेली चकली आणि कुरकुरीत चकली फोटोत सारखीच दिसेल असं वाटतं पण नाही दिसत, सादळलेली मोडली की कड चिवट येते, आणि मोडलेली चकली हाच तर फोटो असतो, आतली नळी आणि जाळी दिसली पाहिजे. तर चकली, कडबोळी, शेव आदल्या संध्याकाळी तळ, पूर्ण गार होऊ दे, मग घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि सेटवर डबा उघडा टाकू नकोस. एका वेळी लागतील तेवढ्याच बाहेर.

चकल्या नेहमीच्या वेळेपेक्षा दुप्पट कर. फोटोत लागणार सात-आठ, पण त्या निवडाव्या लागतात. एक सगळ्यात देखणी बाजूला काढून ठेवायची, तिला आम्ही हिरो म्हणतो, आणि लाईट जुळवताना दुसरीच ठेवायची, तिला बसू दे तासभर. हिरो शेवटच्या क्षणी येते. घरातल्या माणसांना निक्षून सांग की त्या डब्याला हात लावायचा नाही, त्यावर चिठ्ठी लाव. मी हसण्यावारी नाही सांगत, एका शूटला हिरो करंजी ड्रायव्हरने खाल्ली होती.

चिवडा फार फसवा. ताटात ओतला की पोहे वर आणि सगळा माल तळाला. शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, डाळं, कढीपत्ता, काजू हे सगळं वेगळं तळून वाट्यांमध्ये ठेव आणि पोह्यांवर चिमट्याने एकेक मांड. कढीपत्ता नीट कुरकुरीत पण हिरवा, काळा पडला तर परत तळ. करंजीला कातणीने कापलेली कड जरा ठळक ठेव, आणि एक मोडून सारण दिसू दे, मोडताना सुरीने कापू नकोस, हातानेच मोड, सुरीने सारण दाबलं जातं. अनारशाचं पीठ तर आधीच लागतं, तांदूळ तीन दिवस भिजणार, मग गुळात मुरणार, तेव्हा शूटच्या आदल्या आठवड्यातच सुरू कर, आणि खसखशीची बाजू कॅमेऱ्याकडे. शंकरपाळे सगळ्यात सोपे, ढीग कर आणि विसरून जा.

लोणच्याला एक अडचण आहे जी तुझ्या लक्षात आली नसेल, ऑगस्टमध्ये बाजारात कैरी नसते. शेजारी मांडायला हिरवी कैरी मिळणार नाही, आणि मिळाली तर ती कुठलीतरी भलतीच असेल आणि जाणकार बाई ओळखेल. त्यापेक्षा मोहरीची डाळ, मेथीदाणे, हिंगाचा खडा, हळकुंडं मांड. आणि बरणीतली वरची फोड बदल, मुरलेल्या लोणच्याच्या वरच्या फोडी काळपट असतात, आतली एक छान फोड वर आणून चमचाभर ताजं तेल वरून सोड.

आता भांडी. तुझ्या स्टीलच्या ताटांना सुट्टी दे, ती आरसे आहेत. पितळेची परात, लाकडी पाट, जुनी काठवट, वेताचं सूप, चिनीमातीची बरणी, हे नातेवाइकांकडून मागून आण, कोणाच्या तरी माळ्यावर असतंच. पितळ चिंचेने घासून लख्ख करू नकोस मात्र, लख्ख पितळ पण आरसाच होतं, थोडं मळकट असलेलं फोटोत सोन्यासारखं दिसतं. केळीचं पान आणलंस तर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेव, लाईटखाली ते तासाभरात मान टाकतं. आणि कापड वापरणार असशील तर इस्त्री. इस्त्री करूनच ठेव, घडीसकट नाही, गुंडाळून. घडीची रेघ फोटोत इतकी उठून दिसते की विचारू नकोस.

शेवटचं, पणत्या आणि आकाशकंदील सगळ्या फोटोत घालू नकोस. दोन फोटोत घाल. डिसेंबरात लाडवाच्या ऑर्डरीसाठी तोच फोटो टाकायचा असेल तर मागे कंदील लटकलेला बरा दिसत नाही, शिळा दिसतो. चकली-चिवडा लोक वर्षभर मागवतात.

चकलीचे_वेढे, डोंबिवली

अरे देवा, किती गोष्टी. वाचून एकदा घाबरले आणि मग वहीच घेऊन बसले. लेबलं पुढच्या आठवड्यात येतायत, नंबर मोजला, १४ आहेत 🙏 बरणीताई तुमच्या दिरांना नमस्कार सांगा.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. एक, फोटोग्राफर म्हणतो चिवड्यात थोडे जास्त काजू-बेदाणे घालू या फोटोपुरते, भरलेला दिसेल. मी पाव किलोला मोजून काजू घालते, त्याहून जास्त परवडत नाही. घालू का? आणि दुसरं, माझ्या फोटोत नेसू काय? पैठणी आहे एक जांभळी.

पाटावरची_रांगोळी, पुणे

नको घालू. वरून मांडायला तुझ्याच पाव किलोतले सगळे काजू दर्शनी भागात आण, तेवढी सूट सगळेच घेतात, पण पाकिटात पाच आणि फोटोत पंधरा असं केलंस तर दिवाळीत फोन घेता घेता नाकी नऊ येतील. फोटो काढताना पाव किलोचं पाकीट खरंच ताटात ओतून बघ किती भरतं ते. मोठ्या परातीत दोन किलो ओतून खाली पाव किलोची किंमत लिहिली की लोक तेवढंच येणार समजतात. लहान वाटी घे.

पैठणीला जेवायला न्यायचं आहे का? तुझा फोटो काम करताना हवा, लाडू वळताना, सोऱ्याने चकली पाडताना. रोजची सुती साडी किंवा कुर्ता, एकरंगी. बारीक चौकडी आणि बारीक रेघा टाळ, कॅमेऱ्यात त्या नाचतात. चेहऱ्यापेक्षा हात जास्त दिसणार आहेत, तेव्हा नखं कापलेली, नेलपॉलिश अर्धी गेलेली नको, बांगड्या दोन-चार असू देत. हातात काम असलं की डोळेही मिटत नाहीत, कारण तू चकलीकडे बघत असतेस.

फाईल_कुठेय, ठाणे

पत्रक आणि वेबसाईट करणाऱ्याच्या बाजूने थोडं. माझ्याकडे दर दिवाळीला लोक येतात आणि फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतात. ते दाबले जातात हो! मोबाईलवर बरे दिसतात आणि छापले की धुरकट. फोटोग्राफरकडून मूळ मापातल्या फाईली ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हवर घ्या, आणि व्हॉट्सॲपच वापरायचं असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ए-५ पत्रकाच्या पूर्ण पानावर फोटो ३०० डीपीआयने छापायचा तर १७४८ बाय २४८० पिक्सेल लागतात, त्याहून लहान फाईल देऊन "जरा शार्प करा ना" म्हणू नये ही नम्र विनंती. आणि छापताना लाल-केशरी रंग स्क्रीनपेक्षा थोडा मंद येतो, तिखटाच्या फोटोला आधी एक प्रूफ काढून बघा.

हक्कांचं पण बोलून घ्या, आत्ताच, शूटच्या दिवशी नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम १७ असं सांगतं की पैसे देऊन कोणी फोटो काढून घेतला तर, दोघांत वेगळा करार नसेल तर, त्याचा पहिला मालक काढून घेणारा असतो. पण बऱ्याच फोटोग्राफरच्या कोटेशनखाली बारीक अक्षरात उलटं लिहिलेलं असतं, फक्त सोशल मीडियासाठी, एक वर्षासाठी वगैरे. तो झाला वेगळा करार. तेव्हा तुम्ही "ओके" म्हणून जे पाठवलंय ते एकदा उघडून वाचा. किती फोटो एडिट करून देणार, किती दिवसांत, दुरुस्त्या किती वेळा, हे पण त्याच मेसेजमध्ये लिहून घ्या. भांडण नको म्हणूनच.

लोणच्याची_बरणी, सांगली

आणि दुपारच्या जेवणाचं बघ गं. फोटोग्राफर, त्याचा मदतनीस, तू आणि मदतीला येणारी अजून एक, चार माणसं. शूटच्या दिवशी तुझ्या गॅसवर तुझंच चाललेलं असेल. पोळीभाजीचे डबे सांगून ठेव. मुलं शाळेत जाणार तोच दिवस घे, नाहीतर आजोळी पाठव. आणि एका मैत्रिणीला फक्त यादीवर टिक करायला बसव, दुसरं काही काम देऊ नकोस तिला.

चकलीचे_वेढे, डोंबिवली

झालं शूट!! तीन आठवड्यांनी सांगायला आलेय, सगळ्यांनी एवढं लिहिलं होतं म्हणून नीट सांगते.

कोटेशन वाचलं, फाईलदादा तुम्ही म्हणालात तसंच निघालं, खाली "फक्त डिजिटल वापर" लिहिलं होतं. फोन केला, तो बिचारा म्हणाला की सगळ्यांना तेच पाठवतो, बदलून दिलं, जास्त पैसे नाही घेतले. विचारलं नसतं तर पत्रक छापताना कळलं असतं.

दिवसाची सुरुवात धो धो पावसाने. नऊला येणारी माणसं साडेदहाला आली, लोकल उशिरा. दीड तास तिथेच गेला. मग पॅकशॉट सुरू केले, नंदेला यादीवर बसवलं होतं, ती इतकी कडक निघाली की फोटोग्राफरला पाणी प्यायला पण विचारून जावं लागत होतं. मसाल्यांच्या बरण्या पटापट झाल्या, बाराच्या सुमारास लाईट गेली, पाऊण तास. तेवढ्यात खिडकीपाशी पाट ठेवून त्याने गोड्या मसाल्याचा सजवलेला फोटो उरकला, बंड्याभाऊ तुमचं थर्माकोल मी स्वतः धरलं होतं. सासूबाईंनी दगडफूल माळेसारखं मांडलं आणि तोच फोटो त्या दिवसातला सगळ्यात सुंदर आहे असं तो स्वतः म्हणाला.

एकूण १९ पॅकशॉट आणि ४ सजवलेले झाले. शेव, कडबोळी आणि एक लोणचं राहिलं, त्याचे मी घरीच काढेन. चुका पण सांगते. शेवेचा डबा नंदेने मोजायला उघडला तो उघडाच राहिला, तासाभरात सादळली, म्हणून ती राहिली. पितळेची परात मी ऐकलं नाही आणि घासलीच, हात शिवशिवतात ना, मग त्याने तिच्यावर पावडर थोपटून चमक घालवली. लेबलं सरळ लागली पण दोन बरण्यांना आदल्या रात्री धुतल्यावर आतून थेंब राहिले होते, ते फोटोत दिसले, त्या बदलाव्या लागल्या, तीन तीन भरून ठेवल्या होत्या म्हणून वाचले.

चिवडा काजू न वाढवता केला. आधी त्याने जरा तोंड केलं पण छोट्या वाटीत घातल्यावर भरलेला दिसला.

माझ्या फोटोचं म्हणाल तर चेहरा अर्धाच आलाय, सोऱ्या दाबतेय आणि ओठ आवळलेत, मला आवडला नाही पण घरात सगळे म्हणतात की हाच तू आहेस. डोळे उघडे आहेत.

एडिट केलेले फोटो यायला अजून दहा दिवस आहेत. पण गंमत म्हणजे शूटला दुप्पट केलेल्या चकल्या, करंज्या, अनारसे उरले, आम्ही ते बिल्डिंगमध्ये वाटून टाकले आणि त्यावर दिवाळीच्या सात ऑर्डरी आल्यात, ऑगस्टमध्येच.

बजेटवाला_बंड्या

म्हणजे फोटोशिवाय खपला माल! मी म्हणत नव्हतो 😄

लोणच्याची_बरणी, सांगली

बंड्या गप. ताई, सांगलीला अनारसे कुरिअरने पाठवतेस का? मोडत नाहीत ना?